तलवार खाली ठेवा, दोर बरोबर घ्या: विज्ञानकथेतले आरपीजी पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

१९९७ सालच्या 'फॉलआउट' या संगणकावरच्या खेळात अणुयुद्धाने जग बेचिराख होऊन ८४ वर्षं उलटलेली असतात. पण गोष्ट युद्धापासून सुरू होत नाही, ती सुरू होते एका बिघडलेल्या सुट्या भागापासून. डोंगराच्या पोटातल्या निवाऱ्यात, व्हॉल्ट १३ मध्ये, माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत. तिथलं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची चिप जाते, बदली चिप नाही, आणि पाणी पुरणार १५० दिवस. कुणीतरी बाहेर जाऊन चिप शोधून आणायची आहे. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

राक्षस जागा झालेला नाही, राजकन्येला कुणी पळवलेलं नाही, कुठल्या पोथीत तुमचं नाव लिहून ठेवलेलं नाही. मे महिन्यात सोसायटीची मोटर जळाली की जिन्यात जी चर्चा होते, तीच ही चर्चा: पार्ट कुठे मिळेल, आणायला कोण जाईल, तोवर टाकी किती दिवस पुरेल. मला या प्रकारच्या खेळांची गोडी लागली ती त्या चिपमुळे. जग वाचवायला निघणारे वीर पुष्कळ पाहिले होते. पार्ट आणायला निघालेला वीर तोवर पाहिला नव्हता.

क्रिकेटचे, गाड्यांचे, गोळीबाराचे गेम खेळलेत, कदाचित तलवारी-जादूचा एखादा आरपीजीही (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्र घडवून खेळायचा खेळ) खेळलात, पण अवकाशयानं आणि यंत्रमानवांच्या आरपीजीत कधी शिरला नाहीत, अशा वाचकांसाठी हे लिहितोय. काय घ्यावं, कुठून सुरू करावं, पहिल्या काही तासांत कुठे अडकायला होतं, ते क्रमाने सांगतो.

सुरू करण्याआधी थोडं

आरपीजीत तुम्ही एक पात्र घडवता. ताकद, बुद्धी, चपळाई, बोलण्याची हातोटी यांना आकडे देता. पुढे कुलूप उघडेल का, समोरचा पटेल का, गोळी लागेल का, हे बरंचसं त्या आकड्यांवर ठरतं. माऊसवरची तुमची बोटं किती वेगाने चालतात याला बहुतेक ठिकाणी दुय्यम महत्त्व. हा प्रकार आधी कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळला जायचा. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला, आणि संगणकावरचे बहुतेक आरपीजी त्याच्याच वाटेने, म्हणजे तलवारी, जादू आणि भुयारांच्या वाटेने गेले. साहजिकच होतं ते. चेटकीण, राक्षस, मंतरलेली तलवार हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आजीच्या गोष्टींनी ते काम आधीच केलेलं असतं.

विज्ञानकथेला ही सोय नाही. 'ट्युरियन' म्हणजे कोण, हे कुणाच्याच आजीने सांगितलेलं नसतं. म्हणून विचारत जावं लागतं, आणि माझ्या मते सगळी गंमत त्या विचारण्यात आहे. जादूच्या दाराला मंत्र लागतो, मंत्र मिळाला की विषय संपला. यानाच्या दारामागे वीज असते. ती कुठून तरी येते, तिचे पैसे कुणीतरी भरतं, आणि ते दार बंद ठेवायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं. त्यामुळे खेळताना दोन प्रश्न सतत जवळ ठेवा: हे असं का आहे? आणि याची किंमत कोण मोजतंय? पुढे जे जे सांगणार आहे ते फिरून याच दोन प्रश्नांपाशी येईल.

हे काही आजचं नाही. १९७७ साली 'ट्रॅव्हलर' नावाचा कागदावरचा अवकाश-आरपीजी आला. त्यातलं पात्र होतकरू कोवळा वीर नसायचं. नौदलात किंवा व्यापारी जहाजांवर नोकरी करून बाहेर पडलेला, बऱ्यापैकी वय झालेला माणूस असायचा. त्याची अख्खी कारकीर्द फाशांवर ठरे, आणि पात्र बनवता बनवताच ते मरूही शके. जगलात आणि नशिबाने जहाज मिळालं, तर बरोबर कर्जही येई: ४० वर्षांचे मासिक हप्ते. तारे-ग्रह पालथे घालायचे ते पुढच्या महिन्याचा हप्ता भरण्यासाठी! गृहकर्ज असलेल्या कुठल्याही माणसाला ही कथा समजावून सांगायला नको.

पहिली पायरी: हाताशी यंत्र कोणतं आहे ते बघा

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा लॅपटॉप असेल तरी निराश होऊ नका. या प्रकारातले काही उत्तम खेळ त्यावर चालतात: पहिला 'फॉलआउट', २००३ चा 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक', २०१४ चा 'शॅडोरन: ड्रॅगनफॉल', २०२२ चा 'सिटिझन स्लीपर'. लॅपटॉपही नसेल तर 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' फोनवर येतो. स्क्रीन लहान पडते, पण खेळ अख्खा आहे, कापलेला नाही.

बरं ग्राफिक्स कार्ड असेल तर 'मास इफेक्ट'चा तिन्ही भाग एकत्र असलेला २०२१ चा 'लेजंडरी एडिशन' किंवा २०१९ चा 'द आउटर वर्ल्ड्स'. 'मास इफेक्ट'ला सुमारे १२० जीबी जागा लागते. घरच्या वायफायचा मासिक डेटा किती आहे ते आधी तपासा, मग डाउनलोडला लावा.

स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, किमती रुपयांत दिसतात, आणि उन्हाळी-हिवाळी सेलमध्ये जुने खेळ बरेच उतरतात, तेव्हा घाई नको. आणखी एक: खरेदीपासून १४ दिवसांत, आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल, तर स्टीम पैसे परत देतं. मात्र आरपीजीत पात्राचं नाक-डोळे ठरवण्यातच पाऊण तास जातो हे लक्षात ठेवा. नाक नंतर निवडा. आधी खेळ तुमच्या यंत्रावर नीट चालतोय का ते बघून घ्या.

दुसरी पायरी: एक खेळ निवडा, एकच

सेलमध्ये पाच खेळ घेऊन एकही पूर्ण न करणं हा या छंदातला सर्वात जुना आजार आहे. मीही त्यातून गेलोय. म्हणून एकच निवडा, आणि निवडताना पाहायचं ते हे की तुम्हाला कशात रमायला होतं.

वाचन आवडतं आणि वेळ कमी आहे, तर 'सिटिझन स्लीपर'. यात तुम्ही माणूसही नाही. एका माणसाच्या मनाची प्रत यंत्राच्या देहात भरलेली आहे, आणि तो देह कंपनीच्या मालकीचा आहे. कंपनीच्या तावडीतून पळून तुम्ही एका मोडकळीला आलेल्या अवकाशस्थानकावर आला आहात. गोम अशी की देह मुद्दामच असा बनवलाय की कंपनीचं औषध मिळालं नाही तर तो झिजत जावा, म्हणजे कुणी पळालं तरी फार लांब जाणार नाही. दर दिवशी तुम्हाला फासे मिळतात, जास्तीत जास्त पाच. देह खंगला की फासे कमी. मोठा आकडा कष्टाच्या किंवा जोखमीच्या कामाला लावायचा. लहान आकडे आले तर नवखा माणूस हताश होतो, पण संगणकीय जाळ्यात शिरण्यासाठी नेमका ठरावीकच आकडा लागतो, आणि तिथे एक्का-दुर्रीही कामाला येते. म्हणजे आजारी दिवशी अंगमेहनत नको, बसून करायचं काम करा. रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस कसा जातो हे इतक्या कमी नियमांत सांगणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. लढाई जवळजवळ नाहीच. ज्यांनी आयुष्यात एकही आरपीजी खेळलेला नाही त्यांना मी हाच देतो.

माणसं आवडतात, गप्पा आवडतात, सिनेमासारखं काही हवंय, तर 'मास इफेक्ट'. साल २१८३, मानवजात आकाशगंगेच्या राजकारणात नुकतीच शिरलेली, आणि तिथले आधीपासूनचे परग्रहवासी आपल्याकडे संशयाने बघतायत. याबद्दल पुढे सविस्तर बोलू.

कंपन्यांवर राग आहे आणि विनोद चालतो, तर 'द आउटर वर्ल्ड्स'. यातला एजवॉटर हा गाव पूर्णपणे एका कंपनीचा: घरं कंपनीची, दवाखाना कंपनीचा, आणि कारखान्यात डबाबंद मासे. सुरुवातीलाच एक काम मिळतं, कामगारांकडून कबरीच्या जागेचं थकलेलं शुल्क वसूल करण्याचं. कबरी त्यांच्या स्वतःच्या, आणि माणसं अजून धडधाकट जिवंत. हसायला येतं, मग थोड्या वेळाने येत नाही.

'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' हा स्टार वॉर्सच्या जगातला, चित्रपटांच्या सुमारे ४,००० वर्षं आधीचा. खरं सांगायचं तर स्टार वॉर्स ही यानं जोडलेली परीकथाच आहे, तलवारीसुद्धा आहेत, फक्त त्या उजेडाच्या. तलवारी-जादूकडून येणाऱ्यांना म्हणूनच हा पूल सोपा जातो.

आणि जुनी चित्रं, अडनिडी बटणं सहन करायची तयारी असेल, तर 'फॉलआउट'. माझं मत विचाराल तर शिकण्यासारखं सर्वात जास्त याच्यात आहे, म्हणून पुढच्या पायऱ्यांसाठी उदाहरण बहुतेक त्याचंच घेतो.

तिसरी पायरी: पात्र घडवताना

'फॉलआउट'मध्ये सात गुण असतात. प्रत्येकाला सुरुवातीला ५ मिळतात आणि वाटायला आणखी ५ हातात असतात. एखाद्यातून काढून दुसऱ्यात घालताही येतात. नवखा माणूस सगळीकडे समान वाटतो आणि कुठेच धड न जमणारं पात्र तयार होतं. तसं करू नका. चपळाई ८ च्या वर न्या. लढाईत एका पाळीला किती हालचाली करता येतात हे तिच्यावर ठरतं. बुद्धी ७-८ ठेवा. दर पातळीला मिळणारे कौशल्य-गुण आणि संवादातले शहाणे पर्याय तिच्यावर अवलंबून. 'करिश्मा' या नावाला भुलू नका. या पहिल्या भागात माणसं पटवण्याचं काम मुख्यतः 'स्पीच' हे कौशल्य करतं, तेव्हा करिश्म्यातून दोन गुण खुशाल काढा.

मग १८ कौशल्यांमधून तीन खास म्हणून निवडायची असतात. पहिल्या खेपेला लहान बंदुका, बोलणं आणि कुलपं उघडणं हे त्रिकूट घ्या. कुलपांऐवजी 'सायन्स' घेतलंत तरी पस्तावणार नाही. का ते पुढच्या पायरीत.

इतर खेळांत आकडे कमी दिसतात पण तत्त्व तेच: एका लढाईच्या कौशल्याच्या जोडीला एक बोलण्याचं आणि एक यंत्रांचं. विज्ञानकथेत यंत्रांचं कौशल्य शोभेचं नसतं. 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'मध्ये पहारेकऱ्यांनी भरलेल्या खोलीत शिरण्याआधी बाहेरच्या टर्मिनलवर बसा. संगणकाचं कौशल्य असेल तर त्या खोलीतली विजेची वाहिनी तिथूनच उडवता येते, आणि तुम्ही दार उघडता तेव्हा आत लढायला कुणी उरलेलं नसतं. तलवारीच्या खेळात जे काम अग्निगोळा करतो, ते इथे वायरिंगची माहिती करते. मला तरी दुसऱ्यात जास्त समाधान मिळतं.

चौथी पायरी: पहिल्या गावात घाई करू नका (माझी चूक)

'फॉलआउट' सुरू झाला की गुहेत उंदीर असतात. इथे माऊसचं एक गुपित कळलं नाही तर लोक पहिल्या पाच मिनिटांत खेळ बंद करतात: उजवं बटण दाबलं की कर्सर बदलतो, चालण्याचा, हाताचा, नेम धरण्याचा. वस्तूवर डावं बटण दाबून धरलं की बारकाईने बघणे, वापरणे वगैरे पर्याय उघडतात. उंदरांच्या मागे लागू नका, बाहेर पडा.

नकाशावर तुम्हाला व्हॉल्ट १५ दाखवलेला असतो. तिथे चिप मिळेल अशी आशा. वाटेत शेडी सँड्स नावाचं शेतकऱ्यांचं छोटं गाव लागतं. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा गावात दोघांशी बोललो, एक कपाट उघडून पाहिलं आणि तडक निघालो. व्हॉल्ट १५ ला पोहोचलो तर आत लिफ्टची विहीर, लिफ्ट मोडलेली, आणि खाली उतरायला दोर नाही. दोर होता शेडी सँड्समध्ये. पुन्हा वाळवंट तुडवत मागे आलो. १५० पैकी माझे कितीतरी दिवस निव्वळ आळसात गेले. दोर मात्र त्यानंतर कधी विसरलो नाही, आणि 'आधी विचारा, मग निघा' हा धडा दुसऱ्या कुठल्या खेळाने इतका पक्का केला नाही.

तेव्हा शेडी सँड्समध्ये प्रत्येक दार वाजवा. इयन नावाचा एक भाडोत्री रखवालदार आहे, त्याला बरोबर घ्या. (त्याच्या हातात धडाधड गोळ्या उडवणारी बंदूक मात्र देऊ नका. तो शत्रूवर झाडतो, आणि मधे तुमची पाठ असते. जुने खेळाडू यावर अजून हसतात.) गावाला मोठ्या किरणोत्सारी विंचवांचा त्रास आहे, वैद्याला उताऱ्यासाठी विंचवाची नांगी हवी आहे, तेही बघा.

आणि शेतात काम करणाऱ्या शेतकऱ्याशी बोला. तुमचं 'सायन्स' पुरेसं असेल तर त्याला पिकांची फेरपालट समजावून सांगता येते, आणि त्याबद्दल अनुभवाचे गुण मिळतात. मी हे पाहिलं तेव्हा खेळ थांबवून नुसता बसून राहिलो होतो. जगातली सगळी विद्यापीठं जळून गेलीत. शेती उरलीय, पण एकाच जमिनीत तेच पीक दरवर्षी का घेऊ नये, हे सांगणारं उरलेलं नाही. निवाऱ्यातल्या ग्रंथालयात शिकलेला कुणीतरी येतो आणि बांधावर उभा राहून सांगतो. गोळी नाही, स्फोट नाही. विदर्भ-मराठवाड्यात शेत असलेल्या वाचकाला हा प्रसंग माझ्यापेक्षा जास्त भिडेल.

पुढे याच खेळाच्या अखेरीस मुख्य शत्रूला बंदूक न उचलता, निव्वळ वादात हरवता येतं. त्यासाठी पुरावा गोळा करावा लागतो, आणि तो पुरावा जीवशास्त्राचा असतो. याहून जास्त सांगून मजा घालवत नाही.

पाचवी पायरी: वाचा, पण सगळं नाही

इथे एक अडचण सरळ सांगतो. या लेखातल्या एकाही खेळात मराठी नाही, आणि मजकूर भरपूर आहे. इंग्रजी जेमतेम असलेल्या माझ्या एका मित्राने 'मास इफेक्ट' दोन तासांत सोडला होता. शब्द येत नव्हते म्हणून नव्हे, तर कोणता शब्द खरा इंग्रजी आणि कोणता खेळाने बनवलेला हेच उमगत नव्हतं म्हणून. त्याच्यावर उपाय सोपा आहे. सबटायटल्स सुरू ठेवा, आणि शेजारी एक वही. अनोळखी शब्द आला की आधी खेळातल्या कोशात पाहा. तिथे असेल तर तो खेळाचा, नसेल तर डिक्शनरीचा.

'मास इफेक्ट'मधल्या या कोशाचं नाव कोडेक्स. मुख्य नोंदी आवाजातही ऐकता येतात. सगळा वाचायला बसलात तर कंटाळाल; जी गोष्ट समोर आली तेवढीच उघडा. उदाहरणार्थ, पहिल्या भागात तुमच्या बंदुकीतल्या गोळ्या संपतच नाहीत. दुसऱ्या खेळात हे सोय म्हणून सोडून दिलं असतं. इथे कोडेक्स सांगतो की बंदुकीत गोळ्या नसतातच, धातूचा एक ठोकळा असतो. दर वेळी त्यातून वाळूच्या कणाएवढा तुकडा कापला जातो आणि प्रचंड वेगाने फेकला जातो. म्हणून साठा जवळपास अमर्याद, पण बंदूक तापते. तुम्हाला खेळताना सांभाळावी लागते ती नेमकी हीच उष्णता. कारण आणि नियम एकमेकांत असे बसलेले असतात. (दुसऱ्या भागात पुन्हा काडतुसांसारखा प्रकार आणला आणि वर कारण चिकटवलं. मला ते अजून पटलेलं नाही.)

या सगळ्या जगाच्या मुळाशी एकच अशक्य गोष्ट आहे: वीज सोडली की आसपासच्या वस्तूंचं वस्तुमान कमी-जास्त करणारं एक मूलद्रव्य. ते एकदा मान्य केलं की यानांचा वेग, बंदुका, काही लोकांच्या अंगातल्या शक्ती, सगळं त्याच्यावरून निघतं. यानाच्या गाभ्यात स्थिरविद्युत साठत जाते आणि ती अधूनमधून एखाद्या ग्रहापाशी जाऊन सोडून द्यावी लागते, हा तपशीलसुद्धा. जयंत नारळीकरांच्या कथा शाळेत असताना वाचलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल: एक गृहीतक घ्यायचं आणि मग प्रामाणिकपणे त्याच्या मागे जायचं.

परग्रहवासीही याच पद्धतीने बनलेत. एल्कोर नावाचे हत्तीएवढे संथ लोक आहेत. आपसात ते भावना गंधाने आणि सूक्ष्म हालचालींनी दाखवतात, ज्या इतरांना कळत नाहीत. म्हणून परक्यांशी बोलताना प्रत्येक वाक्याआधी भावनेचं नाव सांगतात: 'मनापासून आनंदाने: तुम्हाला भेटून बरं वाटलं.' आधी विनोद वाटतो. मग लक्षात येतं, परक्या भाषेत बोलताना आपणही थोडंफार हेच करत असतो. मेसेजच्या शेवटी हसरा चेहरा टाकतो तो दुसरं काय?

वाचनाच्या बाबतीत आजच्या खेळाडूंची चैनच आहे. 'फॉलआउट'ला ज्याच्यावरून प्रेरणा मिळाली तो १९८८ चा 'वेस्टलँड' डिस्कवर मावेना, म्हणून लांब परिच्छेद छापील पुस्तिकेत दिले होते. खेळ सांगायचा, अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा. आणि सांगण्याआधीच पुढचं वाचणाऱ्या चोरट्यांसाठी त्यात मुद्दाम फसवे परिच्छेद पेरले होते.

'मास इफेक्ट' निवडलात तर एक इशारा. छोट्याशा पहिल्या मोहिमेनंतर तुम्ही सिटाडेल नावाच्या अवाढव्य स्थानकावर येता, आणि तिथे बराच वेळ फक्त चालणं-बोलणं असतं. लोक खेळ सोडतात ते इथेच. तिथली सगळी कामं एका बैठकीत उरकायचा हट्ट नको. मुख्य काम पुढे न्या, यान ताब्यात घ्या. सिटाडेलला नंतर परत येता येतं. यानावर मात्र प्रत्येक मोहिमेनंतर खालपासून वरपर्यंत चक्कर मारा आणि सगळ्यांशी बोला. अर्धी गोष्ट तिथे आहे.

सहावी पायरी: सेव्ह करा, आणि मग मागे फिरू नका

वेगवेगळ्या जागी सेव्ह करा. एकाच सेव्हवर दुसरी चढवत गेलात आणि नेमकी मरण्याच्या क्षणभर आधी सेव्ह केलीत, तर वीस तास पाण्यात. 'फॉलआउट'मध्ये एफ-६ ने झटपट सेव्ह होतं आणि एफ-७ ने परत येतं. बोटांना ही सवय लावा. 'मास इफेक्ट'च्या तिन्ही भागांत तुमचे निर्णय पुढे जातात, म्हणून प्रत्येक भागाची शेवटची सेव्ह जपून ठेवा.

पण मेल्यावर मागे येणं वेगळं आणि निर्णय आवडला नाही म्हणून मागे येणं वेगळं. दुसऱ्याची सवय लावून घेऊ नका. एजवॉटरचंच बघा. तुमच्या यानाला एक भाग हवाय, तो मिळवायचा तर दोनपैकी एका वस्तीची वीज तोडावी लागते: एक कंपनीचं गाव, दुसरी तिथून फुटून वनस्पतींच्या प्रयोगशाळेत राहायला गेलेल्यांची वस्ती. कंपनी नालायक आहे हे दिसतंय, तेव्हा उत्तर सोपं वाटतं. मग गावात फिरल्यावर कळतं की वीज गेली तर कंपनीचं फार बिघडणार नाही, बिघडेल ते कामगारांचं. मी दीड दिवस अडून बसलो होतो. बायकोने विचारलं काय झालं, तर म्हटलं महावितरणचं काम करतोय. शेवटी जे ठरवलं त्याचा परिणाम मला आवडला नाही, पण मागे फिरलो नाही, आणि त्या खेळातलं आज लक्षात राहिलंय ते तेवढंच.

चांगले आणि वाईट गुण मोजणाऱ्या खेळांत आणखी एक मोह असतो: सगळी उत्तरं निळी (चांगली) किंवा सगळी लाल (वाईट) द्यायची. आकडा भरत जातो आणि माणूस यंत्र होतो. आकड्याकडे बघू नका, समोर कोण उभं आहे ते बघा.

लढाईबद्दल चार ओळी

कठीणपणा 'सोपा' ठेवा, त्यात कमीपणा नाही. 'फॉलआउट' आणि 'ड्रॅगनफॉल'मध्ये पाळीपाळीने खेळ चालतो, विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'मध्ये स्पेसबार दाबून सगळं थांबवता येतं. बऱ्याच नवख्यांना हे कळेपर्यंत निम्मा खेळ संपलेला असतो.

काय खटकेल, तेही ऐकून ठेवा

लढाईत विज्ञानकथा अनेकदा उघडी पडते. तलवारीचे दहा वार सोसणारा राक्षस चालून जातो. पण डोक्यात वीस गोळ्या घेऊन शिवीगाळ करत उभा राहणारा साधा गुंड पाहिला की सगळा विश्वास उडतो. पातळ्या आणि आकड्यांचा हा ढाचा तलवारींसाठी बनला होता आणि बंदुकांच्या अंगावर तो सैलच बसतो. दुसरं म्हणजे ग्रह. आपल्या एका महाराष्ट्रात कोकण आणि माणदेश दोन्ही मावतात, पण या खेळांत अख्खा ग्रह म्हणजे एक वाळवंट, तीन झोपड्या आणि एक बर्फाळ टेकडी. पहिल्या 'मास इफेक्ट'मधल्या रिकाम्या ग्रहांवर गाडी उडवत फिरण्याची कामं यातलीच. दोन-तीन करून बघा, बाकीची सोडा.

पहिला खेळ संपल्यावर

'ड्रॅगनफॉल' घ्या. बर्लिन, साल २०५४, मोठ्या कंपन्यांचं राज्य, आणि त्यात जादूही परतलेली. कागदावर हे मिश्रण विचित्र दिसतं. पण त्यात एक नियम आहे ज्याच्यासाठी सगळं माफ: शरीरात जितके यांत्रिक भाग बसवाल तितकं तुमच्यातलं 'सत्त्व' कमी होतं, आणि सत्त्व कमी झालं की जादू अवघड होते. हात पोलादी हवा की मंत्र, हे दुकानात पैसे मोजतानाच ठरवावं लागतं.

त्यानंतर २००० सालचा 'ड्यूस एक्स', जिथे एकाच इमारतीत शिरायला समोरचं दार, गच्ची, हवेची वाहिनी आणि पहारेकऱ्याचा पासवर्ड असे चार रस्ते असतात. इथे बंदूक पाळीपाळीने चालत नाही, नेम स्वतः धरावा लागतो, म्हणून हा पहिला घेऊ नका. २०२३ चा 'कॉलनी शिप' हवा असेल तर तो घ्या, पण नवखे असताना नको. पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करणारं यान, ज्यांनी निघताना पृथ्वी पाहिली ते कधीच गेलेले, आणि यान पोहोचेल तेव्हा आत्ताचे कुणी नसतील. लढाया निर्दय आहेत.

किंवा 'फॉलआउट'च पुन्हा सुरू करा, यावेळी बुद्धी ३ ठेवून. तुमचा वीर तोंड उघडतो तेव्हा नुसते हुंकार निघतात, शहाणी माणसं त्याला हाकलून देतात, आणि फेरपालट वगैरे तर दूरच. शेडी सँड्समधून बाहेर पडताना दोर मात्र त्याच्याही खांद्यावर असू द्या.